बीममध्ये सळईऐवजी कळक चालेल का?

खानापूर तालुक्यातील गावी घर बांधताना बीममध्ये लोखंडी सळईऐवजी घरच्या बेटातला कळक, म्हणजे बांबू, घातला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. बेळगाव-खानापूर भागात बांधकामांवर देखरेख करण्याचे काम मी करतो, आणि माझी कळकळीची विनंती आहे की बीममध्ये कळक घालू नये.

कळक ताणाला कमजोर नाही. धाग्यांच्या दिशेने ओढल्यास चांगला कळक दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटनहून अधिक ताण सोसतो. अडचण ताठपणाची आहे. पोलादाचा ताठपणा कळकाच्या साधारण दहापट असल्यामुळे तेवढ्याच जाडीचा कळक तेवढ्याच ओढीला दहापट लांबतो, बीम खाली झुकतो आणि भेगा रुंदावतात. १२ मिलिमीटरच्या दोन सळयांचे क्षेत्रफळ सुमारे २२६ चौरस मिलिमीटर भरते. तितका ताठपणा कळकातून मिळवायचा, तर २० बाय १० मिलिमीटरच्या अकरा-बारा पट्ट्या लागतील, आणि नऊ इंची बीमच्या तळाशी त्या ओळीने मांडल्या की मधून खडी उतरायलाही वाव राहत नाही. शिवाय सळई तुटण्याआधी ताणली जाते, बीम वाकलेला दिसतो, माणसांना बाहेर पडायला अवधी मिळतो. कळक मात्र एकदम तुटतो.

आणि आपल्याकडे पाणी विसरून चालत नाही. ओल्या काँक्रीटमधले पाणी शोषून कळक फुगतो, पुढे वाळताना आकसतो आणि पकड सुटते. एका जुन्या घराच्या दारावरचे लिंटल फोडताना आत घातलेली कळकाची पट्टी मी दोन बोटांनी ओढली, तर ती सहज सरकून बाहेर आली. तिच्याभोवती पोकळी होती आणि आत भुंग्याने पाडलेला पिवळसर भुसा. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने १९६६ मध्ये या विषयावर काढलेल्या अहवालात पट्ट्यांना डांबरी लेप देण्याचा उपाय आहे, पण लेप जाड झाला की पट्टी निसटू लागते. आपल्या आयएस ४५६:२००० या मानकात तर काँक्रीटसाठी पोलादाचीच सळई धरलेली आहे.

आपले बेट मात्र वाया घालवू नका. छपराच्या वाशांना आणि पडवीला कळक वापरा, कारण तिथे तो उघडा राहतो, डोळ्यांसमोर असतो आणि किडला तर बदलता येतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात तो मुरवून घ्या, आणि तोडताना तीन-चार वर्षांचेच वेळू निवडा; कोवळे वेळू वाळताना चिमटतात.