देवाच्या नात्याला ‘करार’ म्हणणे उणे आहे का?

मिरजेच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या शास्त्राभ्यासाच्या गटात बायबलमधील मूळ श्रद्धेकडे परतण्याच्या हेतूने करारविषयक ईश्वरविज्ञान (देव आणि माणूस यांच्यातील करारांच्या आधारे बायबल समजून घेण्याची पद्धत) अभ्यासले जाते. परंतु ऊसतोडणीच्या मुकादमाशी केलेल्या कागदालाही आपण ‘करार’च म्हणतो, तेव्हा ‘जुना करार’, ‘नवा करार’ या बायबलच्या दोन भागांच्या नावांत ‘करारा’ऐवजी ‘वचन’ हा शब्द अधिक योग्य ठरला नसता काय?

माझ्या मते नसता. ‘करार’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याच्या मुळाशी स्थिरावणे, कायम होणे हा अर्थ आहे. तो अर्थ मराठीने टाकून दिलेला नाही: करारी माणूस म्हणजे कागद करणारा माणूस नव्हे, तर ठरवल्या गोष्टीवरून न ढळणारा माणूस. व्यवहारातला कागद ही या शब्दाची एक बाजू झाली, आणि देवाच्या संदर्भात वाचताना दुसरी बाजू आधी मनात यायला हवी.

हिब्रूतला मूळ शब्द ‘बेरीथ’. त्याच्याबरोबर येणारे नेहमीचे क्रियापद ‘कापणे’ या अर्थाचे आहे, म्हणजे हिब्रू माणूस करार ‘कापत’ असे. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात याचे कारण दिसते. देव अब्रामाशी (पुढे अब्राहामाशी) करार करतो तेव्हा अब्राम कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून त्यांची अर्धी समोरासमोर मांडतो. यिर्मया ३४:१८ वरून कळते की, त्या तुकड्यांमधून चालत जाणारा माणूस, करार मोडल्यास आपलीही हीच गत होवो, अशी शपथ वाहत असे. पण येथे अब्रामाला गाढ झोप लागते आणि तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी व जळती मशाल. शपथेचा सगळा भार देव एकटा स्वतःवर घेतो. याउलट निर्गमाच्या २४व्या अध्यायात लोक आज्ञापालनाचे बोलतात आणि रक्त वेदीवर व लोकांवर, दोन्हीकडे शिंपडले जाते. देवाने आपणहून घेतलेली शपथ आणि लोकांवर येणारी बांधिलकी या दोन्ही गोष्टी ज्यात मावतील असा शब्द येथे हवा. ‘वचना’त पहिलीच मावते.

ग्रीकमध्ये समान पक्षांच्या तहासाठी ‘सिन्थेके’ हा शब्द उपलब्ध असतानाही जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘दियाथेके’ निवडला, ज्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ मृत्युपत्र असा होता. मृत्युपत्राच्या अटी दोघे मिळून ठरवत नाहीत, आणि मला ही निवड फार विचारपूर्वक केलेली वाटते. इब्री लोकांस पत्राच्या ९:१६-१७ मधला युक्तिवाद याच दुहेरी अर्थावर उभा आहे. मराठीत तेथे ‘मृत्युपत्र’ येते आणि मागच्यापुढच्या ओळींत ‘करार’, त्यामुळे मूळचा धागा तुटतो. गटात तो भाग वाचताना दोन्ही ठिकाणी ग्रीक शब्द एकच आहे, हे अवश्य सांगावे.

मिरजेला या विषयाची ओढ वाटावी, हे स्वाभाविक आहे, कारण तेथील मिशन अमेरिकन प्रेसबिटेरियन परंपरेचे होते आणि त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा (श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाचा) ७वा अध्याय करारावरच आहे. १६४६मध्ये पूर्ण झालेल्या त्या मसुद्यातील ‘कर्मांचा करार’ (एदेन बागेत आदामाशी, आज्ञापालनाच्या अटीवर झालेला) आणि ‘कृपेचा करार’ (ख्रिस्तावरील विश्वासाने तारण देणारा) ही जोडी अभ्यासाला उपयोगी आहे. मात्र ते शब्दप्रयोग शास्त्राचे नव्हेत, शास्त्र समजून घेणाऱ्यांचे आहेत. एदेन बागेच्या कथेत ‘बेरीथ’ येत नाही. तो प्रथम नोहाच्या प्रसंगी, उत्पत्ती ६:१८ मध्ये येतो. मूळ श्रद्धेकडे जायचे असेल तर हा भेद राखलाच पाहिजे.

‘नवा’ म्हणजे जुना रद्द, असाही अर्थ घाईने घेऊ नये. यिर्मया ३१:३१-३३ मध्ये नव्या कराराचे आश्वासन आहे, पण त्यात नियमशास्त्र (देवाने मोशेद्वारे दिलेल्या आज्ञा) बदलत नाही. ते दगडी पाट्यांऐवजी लोकांच्या हृदयावर लिहिले जाते. योशीया राजाच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा राजाने तो सर्व लोकांना वाचून दाखवला आणि मगच करार केला. २ राजे २३:१-३ मधला हा क्रम तुमच्या गटाने जरूर पाहावा.