उंबरा कोणाचा होता

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

शाळेसाठी तू आपल्या रस्त्यावरच्या जुन्या घराचा इतिहास लिहिलास आणि १८३२ पासूनच्या त्याच्या सगळ्या मालकांची नावे नेदरलँड्समधल्या आपल्या डेल्फ्ट शहराच्या दप्तरातून शोधून ओळीने मांडलीस, याचे मला फार कौतुक वाटले. त्याच रात्री जेवताना तू मला विचारलेस, "आई, नाशिकचा वाडा आपला नव्हताच ना? आपण तिथे भाड्याने राहत होतो. मग तो पाडलेला असताना तू त्याच्या उंबऱ्याला नमस्कार का केलास?" मी "तशी पद्धत असते" एवढेच म्हणाले आणि ताट उचलले. ते उत्तर नव्हते. तुझा प्रश्न मला लागला आणि त्यात तुझी काही चूक नाही, म्हणून सवडीने हे पत्र लिहिते आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो; हवे तर दोन-तीन दिवसांत वाच.

आधी हे मान्य करते की तुझे म्हणणे खरे आहे. वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर आपले आडनाव कधीच नव्हते. तुझे आजोबा, म्हणजे आबा, सिन्नरकडच्या गावातून येऊन नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला लागले आणि भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्या वाड्यात त्यांनी दोन खोल्या घेतल्या, तेव्हा भाडे महिना १८ रुपये होते. भाड्याच्या पावत्या ते तारेला टोचून ठेवत आणि तो जुडगा देवघरातल्या कोनाड्यात असे. लहानपणी मला तो देवाचाच काहीतरी भाग वाटायचा.

मालकांची घराणी तीन झाली. हे मला माहीत आहे, कारण मालककाकूंच्या ट्रंकेत लाल रुमालात बांधलेले कागद होते आणि वाड्यातले एक निवृत्त गुरुजी त्यातली मोडी आम्हा मुलांना वाचून दाखवत. वाडा बांधला तो पेशव्यांच्या एका सरदाराकडे कारकुनी करणाऱ्या घराण्याने. त्या काळात नाशिकला मोठे दिवस आले होते. नारोशंकराचे देऊळ १७४७ मध्ये झाले, सुंदरनारायणाचे १७५६ मध्ये. पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई इकडेच येऊन राहिल्या. आणि सरदार, त्यांचे कारकून, भिक्षुक, सराफ अशा सगळ्यांचे वाडे गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाने उभे राहत गेले. आमच्या वाड्याचे जोते काळ्या घडीव दगडाचे होते, वर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, आत एकामागे एक दोन चौक, आणि माजघराच्या जाड भिंतीत धान्य साठवायचे बळद, ज्यात लपल्याबद्दल मी एकदा दिवसभर बोलणी खाल्ली होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कारकुनांचे उत्पन्नही तिच्याबरोबर आटले. त्या घरातल्या एका विधवेने आधी मागचे दोन खण गहाण ठेवले, मग सबंध वाडा. गहाणखताखाली तिची सही नाही, बांगडीची खूण काढलेली आहे. गुरुजी ती जागा बोटाने दाखवायचे आणि थोडा वेळ पुढे वाचायचे नाहीत. वाडा सराफांकडे गेला. त्यांनी रस्त्याच्या बाजूच्या माडीला ओतीव लोखंडी कठडे लावले आणि भिंतीत तिजोरी बसवली. तीन पिढ्यांनी भावाभावांचे पटेना, वाटणीचा दावा लागला आणि कोर्टाच्या लिलावात वाडा एका वकिलाने घेतला. मालककाकू या त्या वकिलांच्या नातसून. त्यांच्या घरात माणसे कमी, खोल्या पुष्कळ आणि वरचा खर्च मोठा, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भाडेकरू आले. सर्वांत शेवटी आपण.

इथे तुला एक गोष्ट समजावी असे मला वाटते, कारण पडलेल्या वाड्यांबद्दल बोलताना आपली माणसे ती सहसा सांगत नाहीत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे प्रमाणभाडे, म्हणजे मालकाला जास्तीत जास्त घेता येईल ते भाडे, १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्यावर बांधले. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला रस्त्यावर यावे लागू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि आबांसारख्या माणसाला त्याचा आधार झाला. पण सहा भाडेकरूंच्या भाड्यात एक तुळई बदलता येत नाही. मालक दुरुस्ती करीनात, भाडेकरू जागा सोडीनात, आणि दर पावसाळ्यात कौले फुटून पाणी भिंतीच्या मातीत मुरत राहिले. आपण जमेल तसे प्लास्टिक अंथरले, वाशाला टेकू लावला. वर्गणी काढून छप्पर शाकारू या, असा विषय दोनदा निघाला तेव्हा मात्र आबाही गप्प बसले. वाडा आपला म्हणायचा आणि खर्चाची वेळ आली की मालकाचा म्हणायचा, असे आम्ही वागलो. ते मला आज बरोबर वाटत नाही.

आता उंबऱ्याचे सांगते. मोठ्या दरवाजाचा तो उंबरा सागवानी होता, सुमारे वीतभर रुंद, आणि मधोमध इतका झिजलेला की पावसाचे पाणी त्यात बशीसारखे साठायचे. मालक सत्तरच्या दशकातच कॉलेजरोडला बंगला बांधून राहायला गेले, तेव्हापासून उंबऱ्याची जबाबदारी भाडेकरणींवर आली. त्यांनी आठवड्याच्या पाळ्या लावल्या होत्या. तुझ्या आजीची, म्हणजे माझ्या आईची, पाळी असली की ती पहाटे तांबट आळीतली ठोकाठोक सुरू होण्याच्या आत उठायची, उंबऱ्यावर पाणी घालायची, ओल्या फडक्याने त्या खोलगट भागातली माती टिपून घ्यायची, दोन्ही टोकांना हळदकुंकवाची बोटे लावायची आणि समोर रांगोळीची चार ठिपक्यांची पावले काढायची. मी शेजारी वाटी धरून उभी असे. उंबऱ्यावर बसायचे नाही, उंबऱ्यात उभे राहून कोणाला काही द्यायचे नाही, हे मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. तिचा हात रोज बघून ते अंगात आले. मामाच्या लग्नात मामीने माप ओलांडले तेही याच उंबऱ्यावर, आणि ते तांदूळ त्या झिजलेल्या खळग्यात अडकून राहिले, ते मी चिमटीने वेचले होते.

याच दरवाजाच्या आत डाव्या हाताच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर एक आडवी रेघ होती. ती १९६९ च्या महापुराची. आजी सांगायची की नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली, नारोशंकराच्या देवळाला वेढा पडला आणि सराफ बाजार, भांडीबाजार पाण्यात गेले, तेव्हा वाड्यातली सगळी बिऱ्हाडे वरच्या मजल्यावर एकाच खोलीत दोन रात्री बसून होती आणि स्वयंपाक एकाच शेगडीवर होत होता. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला मालककाकाही धोतर खोचून उतरले. रेघ त्यांनीच कोळशाने ओढली आणि नंतर दर दिवाळीला रंग काढताना आजी तेवढी पट्टी सोडून भिंत रंगवायची. अजूनही गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी वाचली की माझे मन आधी दुतोंड्या मारुतीकडे जाते आणि मग त्या रेघेकडे.

१९९१ च्या सिंहस्थात आपल्या दोन खोल्यांत गावाकडची चौदा माणसे उतरली होती. त्यांना घेऊन आबा रामकुंडावर गेले आणि आपल्या उपाध्यांनी बाड, म्हणजे यात्रेकरूंच्या नावांची जुनी वही, उघडून गावाचे नाव विचारले, दोन-चार पाने मागे उलटली आणि आबांच्या आजोबांची सही दाखवली. ते बैलगाडीने यात्रेला आले होते. आबांनी त्याखाली आपले नाव लिहिले, मामाचे लिहिले. मी शेजारीच उभी होते; माझे नाव लिहिले नाही, आणि ते का, हे मी विचारलेही नाही. तू असतीस तर विचारले असतेस. शहरातल्या घराच्या कागदावर आपले नाव नव्हते आणि गंगेवरच्या वहीत माझे नव्हते, हे तुझ्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली तर हे पत्र खोटे होईल. त्या उंबऱ्यातून सगळे आत येत नव्हते. मागच्या बोळातून एक बाई संडास साफ करायला यायच्या. त्या कधी चौकात आल्या नाहीत. भाकरी त्यांना मागच्या दाराशी वरून दिली जायची, आणि देणारी आजीच होती, जिच्या हाताचे मी इतके कौतुक करते. वाड्यापासून पूल ओलांडला की काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी त्याच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले गेले नाही. त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षांनी आमच्या वाड्यात मागचे दार होतेच. मी दहा-अकरा वर्षांची असताना आजीला याबद्दल विचारले, तेव्हा ती म्हणाली, "घर आपलं नाही, रीत मोडणारे आपण कोण?" ते उत्तर मला तेव्हा पटले होते. आता पटत नाही, कारण घर आपले नसतानाही रांगोळी आम्हीच काढत होतो.

तर इतके सगळे ठाऊक असून मी नमस्कार का केला? आपल्याकडे 'माहेर' असा एक शब्द आहे. मुलीचे ते घर तिच्या नावावर बहुतेक नसतेच, तरी ती कुठूनही आली तरी त्याच्याकडे बोट दाखवून 'आमचं' म्हणते आणि कोणी तिला सातबारा मागत नाही. माझे माहेर त्या दोन खोल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात आपण तिथे पोचलो तेव्हा चौक नव्हता, माडी नव्हती, रेघ असलेली भिंत नव्हती. विटामातीच्या ढिगाऱ्याच्या कडेला फक्त उंबरा सुटा पडला होता आणि मला त्याचा तो झिजलेला भाग ओळखू आला. वाकले तेव्हा मनात देव नव्हता. आजीचे ओले फडके होते, आणि त्या मागच्या दाराच्या बाईही होत्या. माझा हात आपसूक गेला. तूही करावास असे मी तेव्हा म्हटले नाही आणि आताही म्हणत नाही. तू बाजूला उभी राहून त्याचे फोटो काढलेस, तेही मला आवडले होते.

तुझ्या वहीत मालकांच्या रकान्यात आपले नाव घालू नकोस. तो रकाना त्या तीन घराण्यांचा आहे आणि तसाच असू दे. पण एक काम आहे. आपण निघून आल्यावर मामाने कंत्राटदाराच्या माणसाला विचारून तो उंबरा टेम्पोत घालून घरी आणला आणि गोणपाटात गुंडाळून गॅलरीत ठेवला आहे. त्याचे काय करायचे ते तो मला दोनदा विचारून झाला. मामी म्हणते, त्यांच्या फ्लॅटच्या दाराच्या मापाने कापून बसवू; मामाला तो कापावासा वाटत नाही. कापला तर झिजलेला भाग नेमका मधोमध येत नाही, असे त्याने मोजून पाहिले आहे. रविवारी त्याचा फोन येईल तेव्हा मी तुझ्याकडे देईन. तुझे काय म्हणणे आहे, ते तूच त्याला सांग.

तुझी,
आई