लेबल काळं पडतंय, बिल कोरं होतंय: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बारकोड प्रिंटर घेण्याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. गंमत म्हणजे प्रिंटरबद्दल कमी आणि त्यात घालायच्या कागदाबद्दलच जास्त, म्हणून या वेळी सगळं थर्मल पेपरवरच, म्हणजे शाईशिवाय नुसत्या उष्णतेने छपाई उमटणाऱ्या कागदावर.

प्रश्न: आमचा मसाले आणि लोणच्याचा घरगुती उद्योग आहे. शाई लागत नाही म्हणून छोटा लेबल प्रिंटर घेतला. उन्हाळ्यात दुकानातून माल परत आला, काही लेबलं करडी-काळी पडलेली आणि काहींवरची तारीखच गायब! प्रिंटर बिघडलाय की लेबल डुप्लिकेट आहे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: ताई, प्रिंटरला दोष देऊ नका आणि लेबलही डुप्लिकेट असेलच असं नाही. चुकीच्या कामाला चुकीचं लेबल लागलंय एवढंच. थर्मल कागदावर शाई नसतेच, वरच्या पातळ थरात एक रंगहीन डाय असतो आणि त्याच्या शेजारीच त्याला रंगात आणणारं आम्लधर्मी रसायन असतं, त्याला डेव्हलपर म्हणतात. प्रिंटरच्या हेडने उष्णता दिली की तेवढ्या जागी थर वितळतो, दोघं एकमेकांत मिसळतात आणि काळा ठिपका उमटतो. आता कागदाला काय कळतंय की उष्णता हेडची आहे का उन्हाची? साधारण 60-70 अंशांच्या पुढे बराचसा साधा थर्मल कागद करडा पडायला लागतो, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत काचेजवळ ठेवलेल्या मालाला एवढं तापमान सहज मिळतं. पाउच सील करायच्या मशीनजवळून लेबल गेलं तरी कड काळी होते, म्हणून आधी सील आणि मग लेबल हा क्रम ठेवा.

तारीख गायब होण्याचं कारण बरोबर उलटं. तेल, तूप, आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) त्या थरात शिरलं की जमलेली जोडी फुटते आणि काळा रंग परत रंगहीन होतो. लोणच्याच्या बरणीवर तेलाचा ओघळ येणारच ना. आणि एक चूक तर जवळपास सगळेच करतात, लेबल टिकावं म्हणून वरून पारदर्शक टेप मारतात. त्या टेपच्या गममुळेच अक्षरं उडतात! टेप काढा आधी.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही बरं का. पॅकबंद मालावर एमआरपी, निव्वळ वजन, महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता वगैरे स्पष्ट वाचता आलं पाहिजे असं 2011 चे पॅकेज्ड कमॉडिटीज नियम सांगतात, खाण्याच्या वस्तूवर वापरण्याची मुदतही लागते. माल चांगला असला तरी तारीख वाचता येत नसेल तर दुकानदार तो ठेवणार नाही आणि इन्स्पेक्टरही सोडणार नाही. तेव्हा महिनोन्‌महिने शेल्फवर राहणाऱ्या मालाला रिबनने, म्हणजे शाईच्या फितीने, छापलेलं लेबल लावा, बाजारात त्यासाठी क्रोमो लेबल म्हणून मागा. रिबनमध्ये वॅक्स स्वस्त पण घासलं की पुसतं, तेलकट मालाला वॅक्स-रेझिन घ्या, ते महाग पडतं पण टिकतं. तुमचा छोटा प्रिंटर रिबन घेत नसेल (बरेच घेत नाहीत) तर पाउचवर बाकी मजकूर छापून घ्या आणि फक्त बॅच-तारीख-किंमत कुणाकडून तरी कोडर मशीनने मारून घ्या. थर्मल प्रिंटर फेकू नका हो, कुरिअरच्या पार्सलला, वजनकाट्याच्या चिठ्ठीला, चार दिवसांत संपणाऱ्या पनीरला तो उत्तमच आहे.

प्रश्न: ऑनलाइन ऑर्डर पॅक करतो, रोज भरपूर 4 बाय 6 ची लेबलं निघतात. हल्ली प्रत्येक लेबलवर एकाच जागी उभी पांढरी रेघ येतेय, बारकोड स्कॅन होत नाही. मध्येच एखादं लेबल कोरंही सुटतं.
– एक वाचक, भिवंडी

उत्तर: रेघ कागदाच्या चालीच्या दिशेने आणि रोज त्याच जागी असेल तर प्रकरण हेडचं. प्रिंटर बंद करा, हेड गार होऊ द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने एका दिशेने पुसा, ब्लेड किंवा नखाने गम खरवडायचा नाही. खाली रबराचा रोलर असतो तोही पुसा, त्याला गम चिकटला की तो कागद नीट ओढत नाही. पुसूनही रेघ तशीच राहिली तर हेडवरचा तिथला तापणारा ठिपका मेलाय. 203 डीपीआयच्या (इंचाला 203 ठिपके) हेडवर एका मिलिमीटरमध्ये 8 ठिपके असतात, त्यातला एक गेला तरी बारकोडची एखादी पट्टी वरपासून खालपर्यंत गायब होऊ शकते. नवीन हेड येईपर्यंत जुगाड सांगतो, डिझाइनमध्ये बारकोड 90 अंशांत फिरवा. मग ती रेघ सगळ्या पट्ट्यांना एका ठिकाणी आडवी कापते आणि बाकीच्या भागावरून स्कॅनर वाचून घेतो.

कोरं लेबल सुटतं ते सेन्सरमुळे. रोल बदलला की प्रिंटर कॅलिब्रेट करायचा असतो, लेबलमधली मोकळी जागा ओळखणारा सेन्सर नव्या मापावर बसवावा लागतो, आणि ड्रायव्हरमध्ये मापही तेच टाकावं लागतं. प्रिंट फिकट येतेय म्हणून डार्कनेस शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवू नका, पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटतात, बारकोड तरीही वाचला जात नाही आणि हेड लवकर जातं ते वेगळंच. आधी स्पीड कमी करून बघा.

प्रश्न: मी सुपरमार्केटमध्ये काउंटरवर काम करते. बिलाच्या कागदात विष असतं असा व्हॉट्सअपवर मेसेज आलाय. मला चौथा महिना आहे, घाबरायला झालंय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तो मेसेज ज्या सुरात लिहिलाय तो सूर बाजूला ठेवू, पण मुद्दा अगदीच हवेतला नाही. वर ज्याला डेव्हलपर म्हटलं ते बरीच वर्षं बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए असायचं, कागदाच्या वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या बाटलीत ते साखळीत बांधलेलं असतं, इथे मात्र सुटं असतं म्हणून बोटाला लागतं आणि थोडं त्वचेतून आत जातं. ते हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतं म्हणून युरोपियन युनियनने 2 जानेवारी 2020 पासून थर्मल पेपरमध्ये त्याची मर्यादा 0.02 टक्क्यावर आणली, म्हणजे जवळपास बंदीच. मग कंपन्यांनी काय केलं, बीपीएस म्हणजे बिस्फेनॉल एस घातलं आणि वर ‘बीपीए फ्री’ छापलं! ते त्याच घराण्यातलं, आणि 2023 च्या जानेवारीत युरोपच्या रसायन संस्थेने त्यालाही अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकलं. म्हणून दुकानाच्या मॅनेजरला रोल मागवताना ‘फिनॉल फ्री’ (म्हणजे बीपीए-बीपीएसच्या घराण्यातलं काहीच नसलेला) विचारायला सांगा, नुसतं बीपीए फ्री ऐकून समाधान मानू नये.

तुम्ही स्वतः करू शकता ते सोपं आहे. सॅनिटायझर किंवा हँड क्रीम लावल्यावर लगेच बिलं हाताळू नका, अमेरिकेत 2014 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सॅनिटायझर लावलेल्या हातावर बीपीए खूप जास्त चढलेलं दिसलं होतं. नायट्राइलचे हातमोजे मिळाले तर घाला, बिल छापलेली बाजू आत करून घडी घाला, आणि खाण्याआधी साबणाने हात धुवा. घाईत बिल ओठांत धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. दिवसाला एखादं बिल हातात घेणाऱ्या गिऱ्हाइकाने झोप उडवून घ्यायचं कारण नाही, तुमचं काम मात्र दिवसभराचं आहे, म्हणून डॉक्टरांना कामाचं स्वरूप एकदा सांगून ठेवा. शक्य असेल तर काही महिने दुसऱ्या कामावर बदली मागा, यात संकोच कसला.

प्रश्न: स्वस्त रोल चांगला की नाही हे दुकानात कसं ओळखायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर: नखाने जोरात ओरखडा मारा, काळी रेघ उठली ती छापायची बाजू (रोल उलटा घालून कोरा कागद निघाल्याच्या तक्रारी कितीतरी येतात). मग त्यावर सॅनिटायझरचा थेंब टाका. साधा कागद लगेच काळवंडतो, टॉप कोटेड म्हणजे वरून संरक्षक थर दिलेला असेल तर बराच वेळ तग धरतो. हात लावून बघा, खरखरीत, पावडर सुटणारा कागद हेड घासतो, आणि हेडची किंमत कितीतरी रोलांपेक्षा जास्त असते. फ्रीजरमधल्या मालाला लावायचं असेल तर फ्रीजर गमचंच लेबल मागा आणि माल गोठवायच्या आधी, कोरडा असताना चिकटवा.

प्रश्न: फ्रीजचं वॉरंटीचं बिल दोन वर्षांत पांढरं पडलं. आता काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मोबाईलने फोटो काढा आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवून बघा, पुष्कळदा आकडे दिसतात. दुकानदाराकडेही मागता येईल. जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपायची असतात, त्यामुळे नोंदणीकृत दुकानात तुमच्या बिलाची नोंद असायला हवी. पुढच्या वेळी बिल मिळालं की त्याच दिवशी फोटो आणि झेरॉक्स, मूळ कागद मऊ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नको, साध्या कागदी पाकिटात अंधारात ठेवा. मतदानाच्या वेळी व्हीव्हीपॅट यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठ्याही थर्मल कागदाच्याच असतात आणि मोजणीनंतर त्या जाड काळ्या कागदाच्या पाकिटात ठेवतात. आणि कितीही महत्त्वाचं बिल असलं तरी लॅमिनेशनला नेऊ नका, गरम रोलरमधून ते पूर्ण काळं होऊनच बाहेर येईल.