माशाच्या रक्तातले निळे ठिपके

प्रश्न : माझ्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. पावसाळ्यात काही माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, म्हणून चार जिवंत मासे तपासायला नेले. तिथल्या ताईंनी रक्ताच्या थेंबावर पिवळा रंग घातला, मग सूक्ष्मदर्शकात निळे ठिपके दाखवून म्हणाल्या, 'पेशी लढताहेत.' निळ्या रंगाचा नि लढण्याचा काय संबंध?
— मत्स्यशेतकरी, इंदापूर तालुका

उत्तर : भाऊ, मासे जिवंत नेलेत हे फार बरं केलंत. मेलेल्या माशाच्या रक्तावर ही तपासणी होत नाही.

मी स्वतः ती वर्षानुवर्षं केली आहे. शेपटीजवळच्या शिरेतून सुईनं रक्त काढायचं, थेंब काचेवर ठेवून झाकायचा. पांढऱ्या पेशी काचेला चिकटून बसतात, तांबड्या हळूच धुऊन काढायच्या. मग तो पिवळा रंग घालायचा, त्याला एनबीटी म्हणतात. अर्ध्या तासानं जंतू गिळणाऱ्या पेशींच्या पोटात गडद निळे कण उमटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंगावरून डोळा काढवेना.

जंतू गिळला की पेशीतलं एक एन्झाइम ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन देतं. त्याचा सुपरऑक्साइड होतो, आणि तोच एनबीटीला निळं करतो. सुपरऑक्साइडपासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, म्हणजे जखमेवर घातलं की फेसाळतं ते. त्याच्याही पुढची पायरी हायपोक्लोरस आम्ल. ब्लीचिंग पावडर पाण्यात घातल्यावर जंतू मारतं ते हेच. हे सगळं एका पेशीच्या आत! आपल्या रक्तातही हेच एन्झाइम असतं. ते जन्मतः बिघडलेलं असलं तर मुलांना पुन्हापुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतो, आणि त्यांचं निदानही याच रंगानं करत आले आहेत.

माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्त बनवणारी मज्जा नसते. मासा साफ करताना कण्याला चिकटलेला काळपट लाल पट्टा खरवडून काढतो ना, ते मूत्रपिंड. त्याच्या डोक्याकडच्या भागात या पेशी तयार होतात.

निळे ठिपके दिसले म्हणून मासा बरा झाला असं मात्र धरू नका. कुठला जंतू आहे हेही त्यावरून कळत नाही, त्यासाठी कल्चरच, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, करावं लागतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. या पेशींचा दारूगोळा म्हणजे ऑक्सिजन. तळ्यात तो पहाटे सगळ्यात कमी असतो. तो फार उतरला की माशाला धाप लागतेच, शिवाय या पेशींची जंतू मारण्याची ताकदही घटते. म्हणून मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत पाण्यात हवा मिसळणारा एरेटर चालू ठेवा, उरलेलं खाद्य तळाशी कुजू देऊ नका. चट्टे वाढले तर पुन्हा जिवंत मासेच घेऊन जा.