जिम्प उघडलं की काहीच सापडत नाही, पट्ट्याही गायब झाल्या. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आईच्या लग्नातले कृष्णधवल फोटो स्कॅन केलेत, त्यांवरचे डाग काढायचे आहेत आणि त्यासाठी जिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घेतलंय. दोन दिवसांत लेयरची (म्हणजे फोटोच्या एकावर एक ठेवलेल्या थरांची) पट्टी दिसेनाशी झाली, ब्रश फिरवला तर काही उमटत नाही, आणि आता ऐरोलीत कुठे क्लास मिळेल का असं विचारताय. क्लासची घाई करू नका. मी नौपाड्यातल्या एका फोटो स्टुडिओत बरीच वर्षं काम केलं, सुरुवात डार्करूममध्येच, म्हणजे फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत झाली. आता घरी बसून लोकांचे जुने फोटो दुरुस्त करतो, तेही जिम्पवरच. त्यामुळे तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते कळतंय.

आधी पट्ट्या परत आणू. कीबोर्डवरचं टॅबचं बटण एकदा दाबा. बहुतेक वेळा चुकून तेच दाबलेलं असतं. त्याने दोन्ही बाजूंच्या पट्ट्या लपतात आणि पुन्हा दाबलं की येतात. नाही आल्या तर वरच्या 'विंडोज' मेन्यूत जा. तिथे नुकत्याच बंद केलेल्या पट्ट्यांची यादी असते, आणि 'डॉकेबल डायलॉग्ज'मध्ये लेयर्स, टूल ऑप्शन्स वगैरे एकेक करून उघडता येतं. सगळं वेगवेगळ्या खिडक्यांत विखुरलं असेल तर त्याच मेन्यूत 'सिंगल विंडो मोड'वर खूण करा. ही सोय 2012 साली 2.8 या आवृत्तीत आली. त्याआधीची धडे देणारी पानं किंवा व्हिडिओ पाहत असाल तर त्यांतलं चित्र तुमच्या स्क्रीनशी जुळणार नाही, तेव्हा ती सोडून द्या.

आता टूलबॉक्स, म्हणजे ब्रश वगैरे टूलच्या चित्रांची पट्टी. नवीन आवृत्त्यांत सारखी टूल एकाच चौकोनाखाली ठेवलेली असतात, म्हणून हवं ते दिसत नाही. चौकोनावर माउस दाबून धरला की बाकीची बाहेर येतात. सुरुवातीला मला हे गटच नको वाटतात. 'एडिट', मग 'प्रेफरन्सेस', त्यात 'इंटरफेस'खालचं 'टूलबॉक्स' उघडा आणि टूल ग्रुपची खूण काढा. सगळी टूल उघडी मांडली जातात. टेबलावर ब्रश आणि कात्री समोर दिसली की हात आपोआप जातो, तसंच आहे हे. एवढं करूनही एखादी गोष्ट सापडली नाही तर स्लॅशचं बटण दाबा आणि तिचं इंग्रजी नाव टाइप करा. ती आज्ञा तिथूनच चालवता येते. मेन्यू पाठ करण्यात वेळ घालवू नका.

खरा वेळ द्यायचा तो टूल ऑप्शन्सच्या पट्टीला. शिकणारे टूल निवडतात आणि थेट फोटोवर जातात, ही पट्टी वाचतच नाहीत. ब्रशचा आकार, कडा किती मऊ, रंग किती गडद उतरणार, सगळं तिथे ठरतं. टूल बदललं की तिच्यातला मजकूरही बदलतो. आठवडाभर तरी दर वेळी टूल घेतल्यावर तिच्याकडे बघायची सवय लावा.

ब्रश उमटत नाही, त्याची कारणं ठरलेली आहेत. कुठेतरी एखादं सिलेक्शन, म्हणजे निवडून ठेवलेला भाग, राहिलेलं असतं आणि त्याच्या बाहेर काही चालत नाही. झूम केलेलं असलं तर ते नजरेलाही पडत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबा, सुटेल. नाहीतर लेयरच्या पट्टीत भलताच लेयर निवडलेला असतो. नाहीतर ओपॅसिटी, म्हणजे रंग किती गडद उतरणार ते, शून्याजवळ आलेली असते. तुमच्या फोटोंबाबत आणखी एक शक्यता आहे: कृष्णधवल फोटो स्कॅनरने ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त करड्या छटांत घेतला असेल तर त्यावर लाल रंग दिला तरी करडाच उमटेल. 'इमेज'मधल्या 'मोड'मध्ये जाऊन आरजीबी, म्हणजे रंगीत करा. ही गोष्ट कळेपर्यंत लोक तासन्‌तास रंगाच्या चौकटीशी झगडतात.

काही नावं चमत्कारिक वाटतील, पण ती डार्करूममधून आली आहेत. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा, उजेड कागदावर पडत असताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा आम्ही चेहऱ्यावर धरून हलवत राहायचो. तेवढ्या भागाला उजेड कमी मिळून चेहरा उजळ यायचा. तेच डॉज. भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून एखाद्या जागी जास्त उजेड सोडला की ती जागा गडद व्हायची, ते बर्न. जिम्पमध्ये दोन्ही एकाच टूलमध्ये आहेत, कंट्रोल दाबून धरलं की एकाचं दुसरं होतं. हात हलता ठेवायचा नियम मात्र तोच. एका जागी थांबलात तर कडा दिसते.

डागांसाठी तुम्हाला मुख्यतः हील टूल लागेल, ते शेजारच्या स्वच्छ जागेवरून डाग भरून काढतं. एचचं बटण दाबलं की मिळतं. आधी मूळ लेयरची डुप्लिकेट काढा आणि काम फक्त तिच्यावर करा. मग डागाजवळच्या स्वच्छ जागी कंट्रोल धरून क्लिक करा आणि डागावरून ब्रश फिरवा, डागापेक्षा किंचितच मोठा. चेहऱ्यावर काम करताना दर थोड्या वेळाने मूळ लेयरशी ताडून बघा, म्हणजे लेयरच्या पट्टीत वरच्या लेयरसमोरचं डोळ्याचं चित्र बंद करून. गालावरचा तीळ डाग समजून पुसला जातो आणि मग घरातली माणसं म्हणतात, ही आमची आई वाटत नाही. माझ्या हातून हे एकदा झालंय. तेव्हापासून काम हातात घेण्याआधी घरच्यांना विचारतो, तीळ कुठे होता, व्रण कुठे होता. तुमच्या आईला, मावशीला शेजारी बसवूनच हे करा.

'सेव्ह' केल्यावर एक्ससीएफ ही जिम्पची स्वतःची फाइल तयार होते आणि ती व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवता येत नाही, यानेही गोंधळ होईल. ती फाइल लेयरसकट तुमच्यासाठी ठेवा. पाठवायला किंवा छापायला 'फाइल' मेन्यूतून 'एक्स्पोर्ट' करून जेपीजी घ्या.

फोटोखाली नाव आणि तारीख मराठीत लिहायची असेल तर टेक्स्ट टूल घ्या आणि मुक्ता किंवा नोटोसारखा युनिकोड फॉन्ट वापरा; जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर भलतीच अक्षरं येतात. टूल ऑप्शन्समध्ये खाली भाषेचा एक रकाना आहे, त्यात मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या शाळेच्या पुस्तकातल्यासारखे येतात.