जुन्या पोर्शसारखी दिसणारी फायबरची सेकंडहँड गाडी मिळतेय, ती मुळात कुठली हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की इचलकरंजीजवळ एक लाल, बिनटपाची, दोन सीटची, जुन्या पोर्श स्पीडस्टरसारखी दिसणारी फायबरची गाडी विकायला आहे, एमएच ०९ पासिंग, तीन मालक झालेत आणि आत्ताचा मालक नुसतं "बाहेरची आहे" एवढंच सांगतोय. बाहेरची म्हणजे कुठली, जर्मनीची का पुण्याची, हे त्यालाच माहीत नाही.

पहिलं म्हणजे बॉडी बघायची बंद करा. खरंच. ज्या धंद्यात मंगल कार्यालयाच्या दारातले फायबरचे हत्ती निघतात त्याच धंद्यात गाडीचं बॉनेटपण निघतं, साचा असला की झालं, त्यावरून गाव कळत नाही. रेप्लिका, म्हणजे अशी नक्कल केलेली गाडी, हा दोन गाड्यांचा संसार असतो, खाली कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा सांगाडा आणि वर कुणीतरी चढवलेली बॉडी. आधी सांगाडा ओळखायचा, बॉडी कुणी केली ते नंतर, आणि ते कधीकधी कळतच नाही.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझा एक मित्र लग्नात भाड्यानं द्यायला म्हणून पिवळी लँबोर्गिनी घेणार होता, विकणारा म्हणायचा किट (वर चढवायची सुटी बॉडी) दुबईहून मागवलंय. गाडी दिसायला नाद खुळा, दारं वर उघडणारी. आम्ही ती उद्यमनगरात ओळखीच्या मेस्त्रीकडं नेली, त्यानं गाडीला एक चक्कर मारली, दार उघडून डॅशबोर्डाखाली डोकं घातलं आणि दोन मिनिटात म्हणाला, सिव्हिक हाय. तोपर्यंत मी आपला टेप घेऊन पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर मोजत होतो आणि ते बरोबर २७०० मिलिमीटर भरलं, म्हणजे खऱ्या लँबोर्गिनी अ‍ॅव्हेंटाडोरचं असतं तेवढंच, मी खूश! नंतर कळलं की २००६ ला आपल्याकडं आलेल्या होंडा सिव्हिकचंपण २७०० च आहे, म्हणून तर बनवणाऱ्यानं ती उचललेली. तेव्हा नुसत्या टेपवर विश्वास ठेवू नका.

मेस्त्रीनं काय बघितलं तर वायरिंगच्या डब्यावरचा पार्ट नंबर. होंडाचे नंबर आधी पाच आकडे, मग तीन अक्षरांचा कोड, मग शेवटचा तुकडा असे असतात, पहिल्या पाचावरून पार्ट कशाचा ते कळतं (३७८२० म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि मधल्या तीनवरून कुठल्या मॉडेलचा किंवा इंजिनाचा ते. बॉडी बनवणारा दिवे बदलतो, सीटा बदलतो, हँडल बदलतो, पण हीटरचा डबा, पेडल, सीटबेल्टची गुंडाळी, वायरिंगची जुडी हे कुणी नवीन करत बसत नाही राव, परवडतच नाही. बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तळाशी पट्टी शिवलेली असते, तिच्यावर बऱ्याचदा कंपनी आणि तारीख मिळते.

आता तुमच्या गाडीकडं. स्पीडस्टरची नक्कल जगभर सगळ्यात जास्त फोक्सवॅगन बीटलच्या फरशीवर (म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्यावर) झालीय, कारण खरी पोर्श ३५६ (स्पीडस्टर हे तिचंच एक रूप) पण त्याच घराण्यातली, इंजिन मागं आणि हवेनं थंड होणारं. म्हणून पहिला प्रश्न, इंजिन कुठंय? पुढं असेल आणि रेडिएटर असेल तर बीटल विसरा, गाडी आपल्याकडंच कुठंतरी उभी राहिली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा खाली वाकून बघा, वेगळी शिडीसारखी चेसिस आणि चाकाला पाच बोल्ट असतील तर मारुती जिप्सीचा संशय घ्या, जिप्सीचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १३९.७ मिलिमीटर असतो.

मागं हवेचं इंजिन असेल तर टेप काढा, इथं टेपचा उपयोग आहे. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४०० आणि पोर्श ३५६ चं २१००, त्यामुळं पोर्शच्या मापात बसवायला फरशी मधून कापून तीसेक सेंटीमीटर कमी करून परत वेल्ड करतात. तो वेल्ड सापडला तर गाडी खरी पोर्श नाही हे पक्कं, आणि वेल्ड कसा मारलाय यावर तुमचा जीव अवलंबून आहे ते वेगळंच. काहीजण कापतच नाहीत, मग दार जरा लांबट दिसतं. चाकाला चारच बोल्ट असतील तर साधारण १९६८ पासूनची बीटल धरा, त्याआधीच्यांना बहुतेक पाच असायचे आणि वर्तुळ २०५ चं, ३५६ लापण तसंच, म्हणून पाच बोल्ट बघून लगेच हुरळून जाऊ नका.

चेसिस नंबर बीटलला मागच्या सीटखाली मधल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. तुमच्या गाडीत मागची सीटच नाही म्हणजे सीटांच्या मागचं कार्पेट उचलावं लागंल. १९७० च्या दशकातला नंबर दहा आकडी असतो, त्यातला तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे ११३ नं सुरू असेल तर १९७३. १९८१ पासून सतरा अक्षरी नंबर आले, त्यात ३ व्हीडब्ल्यू म्हणजे मेक्सिको आणि ९ बीडब्ल्यू म्हणजे ब्राझील, आणि मेक्सिकोत बीटल २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळं "जुनी जर्मन गाडी" म्हणून विकलेली गाडी मेक्सिकोचीपण निघू शकते. सांगाडा भारतातल्या गाडीचा असेल तर सुरुवात बऱ्याचदा एमए किंवा एमबी अशी दिसते, एमएके होंडा, एमए३ मारुती, एमएएल ह्युंदाई. इंजिन नंबरवर मात्र विसंबू नका, हवेची इंजिनं लोक शर्टासारखी बदलतात.

काचपण बघा. कोपऱ्यातल्या छापात आयएस २५५३ दिसलं तर काच भारतातल्या मानकाची, गोलात ई आणि आकडा असेल तर युरोपातली मान्यता, ई१ जर्मनी, ई११ इंग्लंड. अर्थात फुटलेली काच नंतर इथं घातलेली असू शकते, म्हणून एकट्या काचेवरून निकाल लावायचा नाही.

बॉडी कुणी केली ते शोधायचं तर जिथं पॉलिश करायचा कंटाळा येतो तिथं बघायचं, बंपरच्या आत, नंबरप्लेटमागं, डिकीच्या अस्तराखाली. आमच्या पिवळीच्या बंपरच्या आत मार्करनं एका कारागिराचं नाव, गाव आणि तारीख लिहिलेली सापडली, गाव दुबई नव्हतं एवढंच सांगतो.

कागदाचं शेवटी सांगतोय पण पैसे द्यायच्या आधी करायचं. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून मेकर आणि मॉडेल बघा आणि पेन्सिलनं चेसिसचा ठसा घेऊन आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. आरसीवर फोक्सवॅगन किंवा जिप्सी आणि रस्त्यावर पोर्श असं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच परत ठणकावलंय. मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या करून "बाकी एजंट बघतो" म्हणणाऱ्याला म्हणावं, आधी ठसा जुळू दे. माझ्या मित्राचा जुळला, पण बुकावर साधी सिव्हिक सलून लिहिलेली, इन्शुरन्सवाल्यानं हात वर केले आणि सौदा तिथंच मोडला.

आणि पुढच्या वेळी गाडीचा फोटो नका टाकू, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी इंजिनाचा, काचेच्या कोपऱ्याचा, चाकाच्या बोल्टांचा आणि सीटमागच्या उंचवट्याचा असे चार फोटो टाका (नंबरातले शेवटचे आकडे झाका म्हणजे झालं), मग मेस्त्रीला दाखवून सांगतो.