बाटली उघडली की पाणी बंद

अरे, तुझा मेसेज दोनदा वाचला. दोन बिअरच झाल्या होत्या, कमरेएवढंच पाणी होतं, तरी श्रीवर्धनला मित्र आत ओढला गेला आणि कोळ्यांनी बाहेर काढला, आणि आता तोच बरा होऊन पुढच्या ट्रिपचा ग्रुप बनवतोय, तुला फट्टू म्हणतोय. वर तू मला विचारतोस, जास्तच मनावर घेतोय का? हे विचारावं लागतंय याचाच राग येतो.

माझा नियम एकच, बाटली उघडली की पाणी बंद. आधी पोहा, अंग पुसा, मग बसा. उलटं नाही.

आणि 'कमरेएवढं' मला सांगू नको. ओहोटीला पायाखालची वाळू सरकते, ओढ लागते, मग शुद्धीतला माणूसही सरळ किनाऱ्याकडेच हात मारत दमतो. किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाहेर पडायचं असतं, ते प्यायलेल्या डोक्याला काय सुचणार? दारू आधी अक्कल नेते, मग तोल. तोल कानात असतो, तो गंडला की पाण्याखाली वर कुठे, खाली कुठे, कळत नाही. प्यायल्यावरची ऊबसुद्धा खोटी, कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, अंग मात्र लवकर गार पडतं.

१९९६ च्या ऑगस्टात आम्ही पाच जण दगडखाणीच्या पाण्यावर गेलो होतो. आमच्यातला एक पट्टीचा पोहणारा, विहिरीत मलाही त्यानेच शिकवलेलं, पाठीला डबा बांधून. क्वार्टर संपवून तो उठला. मी म्हटलं, "राहू दे रे." एकदाच म्हटलं. तो हसला आणि मी परत चकण्याचा कांदा चिरायला लागलो. सूर मारला तो वर आलाच नाही. पंचनाम्यात 'पाय घसरून' लिहिलं गेलं, कारण आम्हीच तसं सांगितलं, त्याच्या आईसाठी. म्हणून तुला आकडे सांगत नाही, आमच्यासारखे किती जण असं सांगून आले असतील.

तेव्हापासून ट्रिपला दारू माझ्या डिकीत आणि चावी माझ्या खिशात, शेवटच्या माणसाचे केस वाळेपर्यंत. दोन जुने मित्र यावरून तुटले. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत, ३० वर्षांत माझ्या गाडीतून गेलेले सगळे परत आलेत. बरं, तीन वेळा आम्ही पाण्याकडे गेलोच नाही, पण ते वेगळं.

तू ट्रिपला जा. न जाऊन काय होणार, तुझ्याशिवाय पितीलच ते. फक्त तू पिऊ नकोस आणि कुणी बुडायला लागला तर मागे उडी टाकू नकोस, घाबरलेला माणूस गळ्यालाच मिठी मारतो. वीस मीटर नायलॉनची दोरी घे, टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन बांध आणि तो फेक. झाकण घट्ट लाव, मी एकदा विसरलो होतो.